चांदणी उतरवायला लावणाऱ्याचे मृत्युपत्र

लिहून ठेवणार मी, रविकांत बापूसाहेब आवटी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय पूर्वी रेडिओ दुरुस्ती, नंतर शाळेत केअरटेकर, आता काही नाही. मूळ राहणार मिरज, हल्ली टॅला, डब्लिन. डोके ठिकाणावर आहे. गुडघा नाही, पण या कामाला गुडघा लागत नाही. कोणाचेही दडपण नाही. ज्यांचे येण्याची शक्यता होती त्या चिरंजीवांचा फोन मी सकाळपासून उचललेला नाही. शिक्षण नववीपर्यंत. कायद्याची भाषा मी जुनी खरेदीखते वाचून आपली आपण शिकलो, तेव्हा एखादे 'सदर' नको तिथे पडले असेल तर वाचणाऱ्याने उचलून बाजूला ठेवावे.

कलम १. यापूर्वी मी दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळेच चिरंजीव हृषीकेशला दिले होते. तेव्हा पत्नी विभावरी जाऊन आठच दिवस झाले होते आणि मला काही म्हणजे काही नको होते. आता बरेच काही हवे झाले आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते हृषीकेशचे. त्यावर त्याने आणि सूनबाई कौमुदीने एकदा मिरजेला जाऊन महिनाभर निवांत राहावे. लॅपटॉप नेऊ नये. घर त्याला मिळणार नाही, याचा त्याने राग धरू नये. तो मला दर रविवारी सांगतो, "अप्पा, विकून टाका ते घर. चेरीवूडला आमच्याकडे या. ऑफिस समोर, खाली जिम."

"जिममध्ये मी काय करू रे?"

"बसा तरी. लोक दिसतील."

लोक मला इथे फुकट दिसतात. शिवाय तुमच्या फ्लॅटला कसलाच वास नाही, हृषी. फोडणी दिली की छताला लावलेले यंत्र बोंबलते. अशा घरात माणूस आजारी पडतो.

कलम ३. हत्यारे. सोल्डरिंग आयर्न, मीटर, तीन पक्कडी आणि बारीक पेचकसांचा लाकडी डबा नात ईशानीला. ती चौदा वर्षांची आहे, मराठी सगळे समजते, उत्तर इंग्रजीत देते. परवा तारेला टाका घालताना बोट भाजले तर म्हणाली, "आय अ‍ॅम ग्रँड, आजोबा." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक'. डोळ्यांत पाणी होते, तरी ग्रँड. हत्यारे तिलाच शोभतील. ड्रिल मात्र समोरच्या चौदा नंबरच्या पॉलीन गेराटीला द्यावे, कारण ते नाहीतरी चार वर्षे तिच्याकडेच आहे. देताना तोंड गोड ठेवावे. मला जमले नाही.

कलम ४. आता मुख्य. सदर घराच्या वरच्या मजल्यावर लूझ राहते. पूर्ण नाव लूझविमिंडा. तिच्या देशाच्या तिन्ही भागांची नावे जोडून बापाने ठेवले, म्हणजे हाक मारली की अख्खे फिलिपिन्स वळून बघते. ती आणि विभावरी एकाच महिन्यात इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आल्या, एकाच वॉर्डात लागल्या. मी दोन वर्षांनी मागून आलो. विभावरीच्या शेवटच्या दुखण्यात लूझ ड्युटी संपवून रोज यायची आणि मला ओरडून जेवायला लावायची. नंतर मीच म्हटले, वरचा मजला रिकामा आहे. तेव्हापासून ती आणि तिचा नवरा रोडेल वर, मी खाली, स्वयंपाकघर मध्ये. रोडेल बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात आचारी आहे, घरी चहासुद्धा करत नाही. लूझ मला 'कुया' म्हणते, म्हणजे थोरला भाऊ. बोलणे आमचे इंग्रजीतच होते, पण मला ते मराठीत ऐकू येते, म्हणून तसेच लिहितो.

भांडणेही आहेत. तिची सुकी मासळी आणि माझा हिंग. "कुया, तुझ्या मसाल्याच्या प्रेसमध्ये काहीतरी मेलंय," असे ती माझ्या कपाटाला म्हणते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी तिच्या तव्याला काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. भात मात्र एकाच कुकरात होतो.

या लोकांचा नाताळ एक सप्टेंबरला सुरू होतो. इथली मुले शाळेच्या पहिल्या दिवसाला रडत असतात आणि लूझ खुर्चीवर चढून समोरच्या खिडकीत चांदणी लावते. शिंपल्यांच्या पातळ चकत्यांची, परातीएवढी, आत चाळीस दिवे. दरवर्षी त्यातले पाच-सहा जातात आणि मी ते नवे घालतो. तिथून नाताळपर्यंत कॅराओके. रोडेल माईक हातात धरून डोळे मिटतो तेव्हा मी कानाचे यंत्र काढतो. आता घराचे वळण म्हणूनच हे लिहितो आहे, तक्रार म्हणून नव्हे.

कलम ५. कबुली. मृत्युपत्रात कबुलीचे कलम असते की नाही ठाऊक नाही. माझ्यात आहे.

या डिसेंबरात आमच्या भागात मोर्चे सुरू झाले. बाहेरून आलेल्यांनी परत जावे, असे फलक. रोडेलला बसमध्ये कोणी काही बोलले. काय, ते त्याने सांगितले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो आचाऱ्याचा पांढरा कोट पिशवीत घालून नेऊ लागला. दुसऱ्या शनिवारी मोर्चा आमच्याच रस्त्याने जाणार असे कळले. शुक्रवारी संध्याकाळी मी लूझला म्हणालो, "काढ ती चांदणी. लांबून दिसते."

"सप्टेंबरपासून लागलीय, कुया. कुणाचं घर आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणूनच म्हणतो."

तिने चांदणी काढली, उशीच्या अभ्र्यात घालून वर नेली. मग मी पेचकस घेतला आणि दारावरची 'आवटी' ही पितळी पाटीही काढली. चार स्क्रू. एक हातातून निसटून हरवला.

शनिवारी दुपारी ढोल आणि आरडाओरडा जवळ आला तसा मी पाटी छातीशी धरून जिन्याखालच्या कपाटात, तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसलो. लूझ ड्युटीवर होती. घरात दुसरे माणूस एकच, लूझची आई, नानाय. एक्क्याऐंशी वर्षांची, इलोइलोच्या बाजूच्या गावातून पंधरा दिवसांपूर्वी आलेली, ऐकायला कमी. तिच्या गावात नाताळाआधी पोरे-टोरे डबे बडवत दारोदार गाणी म्हणत फिरतात. त्यांना खाऊ आणि सुटी नाणी द्यायची. नाही दिली तर ती घरमालकाच्या कंजूषपणाचे कवन करतात आणि गल्लीभर होते. म्हातारीने ढोल ऐकला आणि धावपळ करून दार उघडले, हातात बिकोचे ताट. बिको म्हणजे आपल्या नारळीभाताच्या वड्याच.

"मेरी ख्रिसमस!" ती ओरडली. "आधी गा, मग खा!"

बाहेर आठ-दहा बाप्ये, एक ढोल, दोन झेंडे. ढोल थांबला. कपाटाच्या फटीतून मला दिसले की पुढच्याने तोंडाला काळे फडके बांधले आहे. म्हातारीने ते हाताने खाली ओढले.

"हे बांधून कसा गाशील? किती रोडावलायस! आई जेवायला घालत नाही?"

"घालते," तो म्हणाला. आवाज ऐकला आणि मी ओळखले. शेन. माझ्या शाळेतला. नऊ वर्षांचा असताना डोके रेलिंगमध्ये अडकवून बसला होता, मी साबण लावून सोडवला होता.

मागून कोणी म्हणाले, "चल रे, पुढे चल." म्हातारी हलेना. ताट वर धरले. शेवटी शेन आणि ढोलवाला अशा दोघांनी नाताळच्या कुठल्याशा गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या, बेसूर. म्हातारीने तोंड वाकडे केले, आत जाऊन कॅराओकेचा माईक आणून शेनच्या हातात दिला आणि पुन्हा म्हणायला लावले. मग प्रत्येकाला एक वडी, एक नाणे.

शेन खाता खाता म्हणाला, "हे रवीचं घर ना? शाळेतल्या रवीचं? पाटी कुठे गेली?"

"रवी? हा काय इथे," म्हातारी म्हणाली, आणि तिने कपाटाचे दार उघडले.

मी पोत्यावर. मांडीवर पाटी.

"तिथे काय करतोयस, रवी?"

"मीटर बघतोय," मी म्हणालो. मीटर तिथेच आहे, एवढे तरी खरे होते.

तो हसला नाही. मान खाली घालून गेला. वडी खाल्ली म्हणून कोणी बदलले, असे मी लिहिणार नाही. पुढच्या चौकात तासाभराने बसथांब्याच्या काचा फुटल्या, बसेस बंद झाल्या, आणि रोडेल ट्रॅमच्या रुळांच्या कडेने दोन तास चालत घरी आला.

लूझ आली, आईकडून सगळे ऐकले. हसेल असे वाटले होते. तिने कॅनडातल्या बहिणीने पाठवलेला नोकरीचा फॉर्म पिशवीतून काढला आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावला. जानेवारीअखेर भरून पाठवायचा. म्हणाली, "मोर्च्याला मी घाबरले नव्हते, कुया. इथे इतकी वर्षं काढली, पण दिसू नकोस असं मला घरातल्या माणसाने पहिल्यांदाच सांगितलं."

मी पाटी त्याच दिवशी परत लावली, तीन स्क्रूंवर. चांदणीचे मी तिला विचारू शकलो नाही. फॉर्म अजून फ्रिजवर आहे. दूध काढताना रोज दिसतो.

लूझ, माझे चुकले. तोंडाने म्हणायला गेलो की खोकला येतो, म्हणून सरकारी दस्तात म्हणतो.

कलम ६. सबब, सदर घराचा वरचा मजला आणि स्वयंपाकघराचा पूर्ण वापर लूझविमिंडा हिला तिच्या हयातीपर्यंत. हृषीकेशने किंवा कोणीही तिला उठवू नये. नंतर घर ईशानीचे. समोरच्या खिडकीत काय लावायचे, कधी लावायचे आणि किती लांबून दिसू द्यायचे हे लूझ ठरवील. मासळी तळायलाही हरकत नाही. खिडकी उघडावी, एवढे सुचवतो. ती कॅनडाला गेली तर तिच्यापुरते हे कलम आपोआप गळेल. त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये. माझ्या फोटोनेही नाही.

कलम ७. माझ्यामागे लूझला तिच्या पद्धतीने नऊ दिवस प्रार्थना म्हणायची आहे. आमचे दिवस दहा. नऊ एकत्र करावेत, दहाव्या दिवशी सगळ्यांनी झोपावे. रक्षा मिरजेला कृष्णेत सोडावी. ती हृषीकेशने स्वतः न्यावी. नानाय घरी पाठवण्यासाठी जो मोठा खोका भरते आहे त्यात मला घालू नये. तो बोटीने तीन महिन्यांनी पोचतो आणि त्यात शांपू आहे.

कलम ८. हे कलम साक्षीदार टेबलाशी बसलेले असताना वाढवले आहे. सह्यांसाठी मी पलीकडच्या गल्लीतल्या डॉ. रुचाला चहाला बोलावले, आणि दुसरी साक्षीदार म्हणून लूझला. ईशानीने टाइप केलेली इंग्रजी प्रत लूझने सावकाश वाचली. पाचवे कलम दोनदा वाचले. मग पेन घेतले. तेवढ्यात रुचा म्हणाली, "काका, थांबा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही इथे. हिने सही केली की सहावं कलम गेलं."

हे मला ठाऊक नव्हते. खरेदीखतांत नव्हते.

मी म्हणालो, "तुझं जायचं ठरलं असेल तर कर सही, लूझ. काही बिघडत नाही."

तिने पेनाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग पेनाला टोपण लावले, उठून खिडकी उघडली आणि रस्त्यापलीकडे ओरडली, "पॉलीन! ये जरा. सही करायला माणूस हवंय. मला नाही करता येत!"

सही केल्याने पॉलीनचा ड्रिलवरचा हक्क गेला, पण ड्रिल नाहीतरी तिच्याकडेच आहे. वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही करत आहे. खालचे एक नाव खोडले आहे ते माझ्या संमतीने, आणि ते खोडताना माझे अक्षर बिघडले असल्यास ते वयामुळे समजावे.

सही: रविकांत बापूसाहेब आवटी

साक्षीदार:
१. डॉ. रुचा देवस्थळी, टॅला
२. ~~लूझविमिंडा~~ पॉलीन गेराटी, समोरचे चौदा नंबर

स्थळ: टॅला, डब्लिन
दिनांक: २९ डिसेंबर २०२५