व्याजाला खोली नसते

आये, त्या संध्याकाळी तू आम्हा दोघी बहिणींना न्हाणीघरात जेवायला वाढलंस, तेव्हा तुझं डोकं फिरलंय असंच मला वाटलं होतं. न्हाणीघर म्हणजे तरी काय, सिमेंटच्या ब्लॉकच्या उघड्या भिंती, नळ बसायचा होता, दाराच्या जागी जुनी चादर टांगलेली. तू फरशी नसलेल्या त्या जमिनीवर चटई पसरलीस, तीन ताटल्या मांडल्यास, भात, मसूर आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी वाढलीस, आणि मांडी घालून अशी बसलीस जशी लग्नाच्या पंगतीत बसायचीस. धाकटी फिदीफिदी हसायला लागली. तू म्हणालीस, "हसतेस काय गो? आज पैसे भरून आले. आजपासून ही न्हाणी आपली. आता कोणाचा बाप घेऊ शकत नाय." मी शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, नन्सच्या हाताखाली काटा-सुरीने जेवायला शिकलेली, मला त्या कोपऱ्यात घास उतरेना. तू माझ्या ताटलीकडे बघून म्हणालीस, "जेव. आपल्या घरात जेवायला लाजतात काय?"

घर तेव्हा आपलं नव्हतंच. सिक्लोनने, त्या चक्रीवादळाने, पत्र्याचं घर उचलून उसात नेऊन टाकलं, त्यानंतर बाबांनी ठरवलं की आता सिमेंटचंच बांधायचं. साखरेला तेव्हा भाव होता, मळ्यात काम होतं, कर्ज मिळत होतं. आपल्या बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावात, आपल्या गल्लीतलं ते पहिलं स्लॅबचं घर. स्लॅब टाकली तो रविवार मला अजून दिसतो. सगळे नातेवाईक, शेजारी, बाबांबरोबर मळ्यात काम करणारे, पहाटेपासून रांगेत उभे आहेत, सिमेंटची बादली हातोहात वर चढतेय, रिकामी बादली खाली फेकली जातेय, आणि तू मागे तीन दगडांवर मोठा टोप चढवून सगळ्यांसाठी भात शिजवते आहेस. मजुरी कोणी घेत नाही. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, असा तो हिशेब असतो आणि तो कोणी लिहून ठेवत नाही. बाबा नंतर आठवडाभर रोज शिडीवर चढून स्लॅबवर पाणी शिंपत होते. त्याच वर्षी त्यांचं हृदय थांबलं. स्लॅब राहिली, वर आकाशात गेलेल्या लोखंडी सळया राहिल्या, आणि राजधानीत, पोर लुईच्या गृहकर्जाच्या कचेरीतलं कर्ज राहिलं.

मला पुढे शिकायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं, पण हप्ता तुझ्या एकटीच्या मजुरीतून निघेना. मोठ्या नन मला म्हणाल्या, बाळ, तुझा थकवा देवाला अर्पण कर. मी घरी येऊन तुला ते सांगितलं. तू उसात निंदणी करून आली होतीस, कमरेचं गोणपाट सोडत होतीस. म्हणालीस, "देवाला कशाला गो देऊ? त्याला नको असेल तर परत पाठवील." मी स्वेटरच्या कारखान्यात लागले, गळे जोडायच्या मशीनवर. दिवसभर एकेक टाका सुईत घालायचा. संध्याकाळी बसमधून घरी येताना मिटलेल्या डोळ्यांपुढेही टाकेच दिसायचे.

आणि दर महिन्याला ते जेवण. हप्ता भरायचा त्या शनिवारी आपण तिघी चांगले कपडे घालून बसने पोर लुईला जायचो. पावती घेऊन परत आलो की तू घरातून एक चक्कर मारायचीस, कंबरेवर हात ठेवून, बाजारात दुधी निवडावा तशी, आणि ठरवायचीस की या महिन्याला कुठला तुकडा घेतला. एकदा मागची खिडकी घेतलीस, तर आपण खिडकीखाली बसून जेवलो. एकदा उंबरा घेतलास. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, म्हणून तू आत, धाकटी बाहेर आणि मधे ताटली, असं जेवण झालं. पलीकडची काकी कुंपणावरून मान काढून विचारायची, "आयो, आज कुठं गो पंगत? देवघरात की संडासात?" तू तोंडातला घास न गिळताच म्हणायचीस, "संडास कधीच घेतला. तुला यायचं असेल तर बिनपैशाने ये." मग काकी विचारायची, "आणि गच्ची कधी?" गच्ची शेवटी, असं तू पहिल्यापासून सांगितलं होतंस. सगळं खालचं आपलं झालं की मग वर बसून जेवायचं.

लोकांना ते वेड वाटायचं. मलाही वाटायचं. पण आज कळतं, त्या जेवणामुळेच महिना पार पडत होता. बाकीचे दिवस असे होते की आठवलं तरी खांदे दुखतात. साबणाचे उरलेले तुकडे तू एका फडक्यात बांधून त्यानेच कपडे धुवायचीस. चहा एकदा उकळला की तीच पत्ती दुपारी पुन्हा. मटणाचा रविवार आधी महिन्याचा झाला, मग सणाचा. रुपयाची किंमत पडली तेव्हा दुकानातला चिनी शेठ तेलाची बाटली पुढे सरकवताना तुझ्याकडे बघायचा नाही, इतका तो भला माणूस होता. मला दोन-तीन स्थळं आली. चहा पिऊन झाल्यावर मुलाकडच्यांनी घर फिरून पाहिलं, छान आहे म्हणाले, मग अजून किती वर्षं भरायचं आहे ते विचारलं आणि परत आले नाहीत. पुढच्या हप्त्याच्या शनिवारी तू पुढच्या खोलीचा अर्धा भाग घेतलास, उगाच मोठा घास घेतल्यासारखा.

मग तो शनिवार आला. त्या दिवशी तू फार खुशीत होतीस, कारण तुझ्या हिशेबाने आता फक्त स्वयंपाकघराची एक भिंत आणि गच्ची राहिली होती. तू खिडकीपलीकडच्या कारकुनाला मोठ्या रुबाबात विचारलंस, किती उरलं? तो तरुण होता, चांगला होता. त्याने कागद काढला, बोट फिरवलं, आकडा सांगितला. आकडा जवळजवळ तेवढाच होता जेवढं बाबांनी उचललं होतं. तुला वाटलं त्याचं चुकलं. तू त्याला दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा बघायला लावलंस. शेवटी तो हळूच म्हणाला, "तू सा-ला लँतेरे सा, मादाम." हे सगळं व्याजच होतं, बाई. आधी व्याज जातं, मुद्दल मग. क्रेओलमध्ये सांगितलं त्याने, तुला समजावून सांगायला माझी गरजच पडली नाही. मागे रांग होती. तू पावती घडी करून पदरात बांधलीस आणि त्याला मेर्सी म्हणालीस.

बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस. घरी आल्यावर चांगले कपडे न बदलताच मागच्या पत्र्याच्या चुलीपाशी जाऊन बसलीस, जिथे आपण घर बांधण्याआधी जेवायचो. धाकटीने विचारलं, "आये, आज कुठं मांडायचं?"

"इथंच."

"हे तर आधीपासून आपलंच हाय."

"म्हणून तर," तू म्हणालीस. मग चुलीतलं लाकूड आत ढकलत, आमच्याकडे न बघता, "व्याजाला खोली असते काय? कुठं बसून जेवू त्याच्यासाठी?"

त्यानंतर तू कचेरीत आली नाहीस. पैसे माझ्या हातात द्यायचीस, मी कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन भरून यायचे, आणि आपण पत्र्याखाली गपचूप जेवायचो. काकीने एकदा कुंपणावरून हाक मारली तर तू आत निघून गेलीस. साबणाचे तुकडे तू जमवायचं सोडलंस. शेवग्याचा पाला झाडावर पिवळा पडून गळायला लागला. एक दिवस मी कामावरून आले तर तू पुढच्या खोलीच्या मधोमध उभी होतीस, हातात घराची चावी. म्हणालीस, "कचेरीला देऊन टाकू गो हे. मी बोलून घेतलंय मामाशी. त्याच्या मागे पत्र्याची एक खोली हाय. तिथं राहू. इतक्या वर्षांनी माझ्या हातात एक वीटपण नाय." तुला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही तू रडली नाहीस. तू फक्त दमलेली होतीस. झोपून उठलं तरी जो जात नाही असा तो थकवा होता, आणि माझ्यातही तो होता, म्हणून मला तुला नाही म्हणता येईना. मी म्हटलं, महिनाअखेर बघू.

महिनाअखेरीआधी पुन्हा सिक्लोन आलं. रेडिओवर इशारे वाढत गेले तशी काकी पोराबाळांना, सासऱ्यांना आणि दोन कोंबड्यांना घेऊन तुझ्या दारात आली. "काय करू, बाय, माझा पत्रा आत्ताच नाचतोय." तू चादरी काढल्यास. सगळे त्या गिलावा नसलेल्या भिंतींच्या खोल्यांत दाटीवाटीने झोपले. बाहेर आंब्याचं झाड मोडल्याचा आवाज आला, कोणाचं तरी छप्पर गल्लीतून घसरत गेलं, आणि काकीचा सासरा घोरत होता. सकाळी त्यांच्या घराच्या फक्त चार खांब उभे होते. काकी तुझ्या ओट्यावर बसून चहा पीत ते बघत होती. म्हणाली, "तुमची ती वेडी पंगत. एवढं जेवून जेवून घर चांगलं घट्ट केलंत." तू तिच्या कपात आणखी चहा ओतलास.

पुढच्या शनिवारी मी एकटी हप्ता भरून आले. तू पत्र्याखाली होतीस. मी भात, मसूर, टोमॅटोची चटणी घेतली आणि आत जाऊन तुझ्या पलंगावर ताटल्या मांडल्या, स्वच्छ चादरीवर. धाकटीला तुला बोलवायला पाठवलं. तू दारात आलीस आणि ओरडलीस, "अंथरुणात जेवतात काय गो? हेच शिकवलं त्या नन्सनी?"

मी म्हटलं, "व्याजाची जागा ही."

"काय?"

"इतकी वर्षं आपण इथं कोरड्या झोपलो. परवा काकीपण झोपली. ते व्याज."

मला वाटलं आता मारशील. लहानपणी एकदा पलंगावर बिस्किट खाल्लं म्हणून मारलं होतंस. मग तू पाय पुसलेस, नीट, एकेक करून, आणि पलंगावर चढून बसलीस. पलंग करकरला. पहिल्याच घासाला चटणी चादरीवर सांडली, तुझ्याच हातून, आणि तू हसायला लागलीस, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. "म्हाताऱ्याच्या घोरण्याचंपण व्याज आपणच भरलं," तू म्हणालीस. चावी तू कुठे ठेवलीस ते मला कळलं नाही. मामाकडचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

त्यानंतरही वर्षं गेलीच, आणि ती आधीच्याइतकीच लांब होती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण धाकटी आता नातवंडांना ही गोष्ट सांगते तेव्हा पलंगापाशी सगळं संपतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. पलंगानंतर तुझे गुडघे गेले. कारखान्यात माझी मान गेली. धाकटीचं लग्न उधारीच्या भांड्यांवर लावलं. शेवटचा हप्ता भरला तेव्हा मी पावती तुझ्या हातात दिली आणि तू ती उलटी-सुलटी करून बघितलीस. जिना कधीच बांधला नव्हता, शिडी तुला चढवेना. मी आणि धाकटी ताटल्या घेऊन वर गेलो. तू खाली अंगणात खुर्चीवर बसून विचारत होतीस, "वारा हाय काय गो वर? दिसतं काय?" ऊस दिसत होता, दूर डोंगर दिसत होता. आम्ही घाईघाईने जेवलो, कारण तू खाली एकटी होतीस. खाली आलो तर तू खुर्चीतच झोपली होतीस. मग दोन दिवस तू जवळजवळ झोपूनच होतीस. तिसऱ्या दिवशी उठून मला विचारलंस, "आता शनिवारी काय करायचं?" तुझ्याजवळ त्यानंतर फार थोडे शनिवार होते.

आये, कर्जाने माणूस शिकतो असं लोक म्हणतात. देवळात, गल्लीतल्या पोरांचे मराठीचे वर्ग भरतात त्या बैठकेत, भाषणांत ऐकते मी. मी काही शिकले नाही गं. आपण फक्त टिकलो, आणि टिकताना तू म्हातारी झालीस. आता धाकटीच्या मुलीला वर मजला बांधायचा आहे. सळया गंजल्या आहेत, पण आतून चांगल्या आहेत म्हणतो मिस्त्री. बँक कर्ज देते आहे, जामीन म्हणून माझी सही हवी. हे सगळं तुला विचारायला म्हणून मी आज लिहायला बसले. पण खरं सांगायचं तर सही मी सकाळीच करून आले, आणि बसमध्ये बसल्यावर मला तुझी आठवण झाली. म्हणून हा कागद कुठे जाणार नाही, माझ्या कपाटातच राहील, आणि मी गेल्यावर जो उघडेल त्याने पुढचं तेवढं वाचावं.

खालचं घर धाकटीचं. शिवणयंत्र तिच्या सुनेला द्यावं, तिला शिवता येत नाही पण हात हलका आहे, शिकेल. माझी मराठी पुस्तकं बैठकेतल्या वर्गाला, फ्रेंच पुस्तकं शाळेच्या नन्सना, त्या घेतील तर. माझ्या सोन्याच्या दोन बांगड्यांतली एक धाकटीला, एक काकीच्या नातीला, तिने मला दवाखान्यात नेलं-आणलं आहे. बँकेत जे काही उरेल ते सगळं भाचीला, पण तिच्या हातात नाही, सरळ तिच्या कर्जात भरावं, मुद्दलात, व्याजात जाऊ देऊ नये. तिला आपल्याइतकी वर्षं लागू नयेत.