हेडसेट पसंत पडेपर्यंत

४ ऑक्टोबर, शनिवार
मुलीला हो म्हटलं. २६ तारखेच्या रविवारी ह्यांच्या सायकल क्लबची मंडळी डोंगरावरून सायकली उतरवणार आहेत. तिला ह्यांची सायकल नेऊन तो उतार उतरायचाय. म्हणाली, बाबा तिसऱ्या वळणावर राहिले, तिथून पुढचं मला उतरायचंय. दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. तेव्हापासून सायकल मागच्या खोलीत भिंतीवर टांगलेली आहे.

माझी अट एकच. आधी हेडसेट बदलायचा, आणि तो मी निवडणार. ती लगेच कबूल झाली.

हेडसेट म्हणजे कानाला लावतात तो नव्हे. हँडलखालच्या नळीत वर आणि खाली वाट्या असतात, त्यांत छर्रे. त्यांच्यावर हँडल आणि पुढचं चाक धरणारा चिमटा वळतो. ते झिजलं की सायकल आपलं ऐकत नाही. ह्यांचं ऐकलं नाही. बाकी सगळे म्हणतात वळणावर खडी होती. खडी कुठे नसते?

आठवडाभराचं काम आहे. उरकून टाकेन.

६ ऑक्टोबर, दुपारी
सायकल खाली काढली. हँडल डावीकडे छान फिरतं, उजवीकडेही छान. मधोमध आलं की खटकन अडतं आणि तिथेच राहतं. आतून कुणी मुठीत धरावं तसं. पुस्तकात ह्याचं चित्र आहे. वर्षानुवर्षं सरळ चालवली की छर्रे वाटीत खळगे पाडतात. म्हणजे माझंच बरोबर.

शाळा सातवीत सुटली पण वाचन सुटलं नाही. लायब्ररीतून सायकल दुरुस्तीची तीन पुस्तकं आणलीत. दोन संपली.

९ ऑक्टोबर
चिमटा सोडवला, कापडी पिशवीत घालून दुकानात नेला. रस्त्यात लोक बघत होते. बघू देत.

दुकानदार मोबाईलवर मॅच बघत होता. म्हणाला, काकू, जुनी रोड सायकल म्हणजे आटे जपून बघावे लागतात, नाहीतर नट चढतो आणि चार फेऱ्यांत आटे खाऊन टाकतो. मग एक ॲल्युमिनियमचा सेट पुढे केला. हातात घेतला. फार हलका. म्हटलं, ह्याने माणसाचा भार कसा पेलायचा? म्हणाला, काकू, माणूस सीटवर बसतो.

उद्धट आहे. उद्या परत जाईन.

११ ऑक्टोबर
स्टीलचा दाखवला. वजनाला चांगला, पण खोक्याचं सील फुटलेलं. कुणी परत केला असणार. का केला, ते दुकानदाराला सांगता येईना. मला असल्या गोष्टी घरात आणायच्या नाहीत. नको म्हटलं.

अजून दोन आठवडे आहेत. वेळ भरपूर.

१३ ऑक्टोबर
मुलगी म्हणाली, आई, तू हेडसेट बघतेयस की माझ्यासाठी स्थळं? ह्याचं नाक बसकं, त्याचा रंग काळा.

हसले मीही. पण स्थळ चुकलं तर मुलगी माहेरी तरी परत येते.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळी
भाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, क्लबमध्येच आहेत. त्या दिवशी ह्यांच्या मागे होते. चहा दिला आणि सरळ विचारलं, वळणावर हँडल अडलं होतं ना? म्हणाले, वहिनी, मला फक्त दादाची पाठ दिसत होती. मग खडी कशी दिसली, असं मी विचारलं. त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, हँडल अडायचं असतं तर वरच्या दोन वळणांवर अडलं नसतं का?

ह्यावर दोन्ही पुस्तकांत काही नाही. तिसरं वाचायला घेतलंय.

जाताना दारात मुलीशी हळू आवाजात काहीतरी बोलले. काकाचा लळा आहे तिला. चांगलं आहे.

१७ ऑक्टोबर
दुकानदाराने बाहेरून मागवलेला सेट आला. सीलबंद. चिमट्यावर नट लावला, बोटानेच फिरत खालपर्यंत गेला. वाट्या व्हर्नियरने मापल्या, फ्रेमची नळी मापली. तंतोतंत. दुकानदार म्हणाला, झालं काकू, सुटलो आपण दोघंही.

घरी आणला. टेबलावर ठेवून बघत बसले. चोवीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. जे पहिल्याच मापाला इतकं नेमकं बसतं ते पहिल्या धुण्यात आटतं, हे मला कुणी शिकवायला नको.

परत केला. दुकानदाराने खोकं बाजूला ठेवलं. मॅच बंद करून माझ्याकडे बघत राहिला.

२० ऑक्टोबर
मुलगी उतार बघून आली, पायी. वर धुकं होतं म्हणाली. तिसऱ्या वळणावर खडी आहे का, विचारलं. म्हणाली, आई, रस्ता नवा केलाय, आरशासारखा आहे.

म्हणजे वेग वाढणार. जास्त वेगाला हेडसेट वेगळा लागत असेल. हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून काढली.

२२ ऑक्टोबर
जेवताना मुलगी म्हणाली, दुकानात गेले होते. तो म्हणाला, बसत होता. मी म्हटलं, त्याला काय कळतंय, मॅच बघणारा माणूस. म्हणाली, ते राहू दे. बसत होता का नव्हता, एवढंच सांग.

मी तिला भाजी वाढली. तिने नको म्हटलं नाही, खाल्लीही नाही.

२३ ऑक्टोबर
आज मुलीने एकदाही हेडसेटचं विचारलं नाही. गोड बोलली. माझा चष्मा पुसून दिला. समजूतदार आहे पोर, हट्ट सोडला बहुतेक.

संध्याकाळी तिच्या खोलीतून हवेच्या पंपाचा आवाज येत होता. ह्यांच्या सायकलची दोन्ही चाकं तर माझ्या पलंगाखाली आहेत. व्यायाम करत असेल.

२४ ऑक्टोबर
माझ्यावर उगाच आळ नको. ह्यांची सायकल तिने न्यायची नाही असं मी एकदाही म्हटलेलं नाही. फक्त बघून घेतेय. मी घाबरट असते तर हो म्हटलंच नसतं.

दुकानात गेले. परत केलेला सेट त्याने ठेवून दिला होता. म्हणाला, काकू, तुम्ही येणार हे माहीत होतं. जास्त बोलतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार
दिवसभर शिवणाला हात लावला नाही. लाकडी ठोकळा धरून वाट्या ठोकून बसवल्या. ग्रीस भरलं, छर्रे लावले, चिमटा चढवला, चाकं घातली. हँडल लोण्यासारखं फिरतं. मधोमध अडत नाही. तीन पुस्तकं वाचलेल्या बाईने केलंय हे, कुठल्या दुकानदाराने नाही.

वरचा नट तेवढा आवळायचा ठेवलाय. हेडसेट सैल असला की पुढचा ब्रेक दाबून हँडल हलवताना खट वाजतं, असं पुस्तकात आहे. नट उद्या सकाळी तिच्यासमोर आवळेन. आत्ता सांगत नाही. चकित होईल.

२६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी सात
अंथरूण घडी घालून ठेवलेलं. मुलगी नाही. भाऊजींना फोन लावला. म्हणाले, वहिनी, आम्ही चढतोय, ती माझ्यासोबत आहे, तुम्ही काळजी करू नका. सायकल कुणाची, विचारलं. रेंज गेली.

नट आवळला. तपासला. सैल केला, पुन्हा आवळला.

सकाळी दहा
आली. धडधाकट. गाल लाल, केस विस्कटलेले, ह्यांच्यासारखी दिसत होती. तिसऱ्या वळणावर क्षणभर थांबले आणि मग सायकल उताराला सोडली, म्हणाली. उतरताना हँडल जरा थरथरत होतं, पण मजा आली. आता दर रविवारी जाणार.

मी म्हटलं, ह्यांची तयार आहे, हेडसेट कालच बसवलाय. म्हणाली, अगं राहू दे, तुझं तू सावकाश कर. आणि आंघोळीला गेली.

तिची सायकल बाहेर भिंतीला टेकवलेली होती. जुनीच आहे, रंग मारलेली. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे करून पाहिलं. खट. पुन्हा केलं. खट.

आत येऊन न्हाणीच्या दाराशी उभी राहिले. विचारलं, कुणाची गं ही? पाणी बंद करून म्हणाली, माझी. गुरुवारी विकत घेतली.