ओट्याची उंची

बाबा,

मी कॉलेजला पळतेय. सगळं घर खणून ठेवलंय, चपला शोधण्यातच उशीर झाला. मिस्त्रीकाका विचारत होते, स्वयंपाकघरातला ओटा कोणाच्या उंचीचा करू? मी सांगितलं, आईच्या. ते म्हणाले, "पण ताई तर दिसत नाहीत इथे. तुम्ही दोघं उंच, बुटक्या ओट्यावर कंबर मोडेल तुमची." म्हटलं, मोडू दे.

मग मामाकडे फोन लावला. आई आधी फणकारली, "मला न विचारता भिंती पाडल्यात, आता ओट्याचं मला कशाला विचारता?" पण फोन ठेवला नाही बाबा तिने. मग हळूच म्हणते, "सिंक खिडकीखाली घेतलंय का गं?" म्हटलं, बाबा सांगतील तुला.

एवढ्या खोल्यांत आपण दोघंच, नुसता आवाज घुमतो. करमत नाही मला.

मिस्त्रीकाका जेवून आले की ओट्याच्या विटा रचणार आहेत, त्याआधी तिला फोन करा. आणि नकाशा समजावत बसू नका. तिला काय हवंय ते विचारा.

चिमी