पहिलं पान

अम्मान, शनिवार, १७ जानेवारी

प्रिय सुहैर,

सात महिने झाले. तुझी तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. कामं होती, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे सगळं खरं आहे. पण त्यातल्या कशामुळेही चार ओळी लिहायच्या राहत नाहीत. माफ कर. तुझ्या आईने पाठवलेले वाळवलेल्या दह्याचे गोळे अजून पुरवून वापरतेय, आणि दर वेळी पाण्यात भिजत घालताना मला तुझा तो प्रश्न आठवतो. तिन्ही पत्रांत तो एकच होता: अंदाजपत्रकाची प्रणाली तू बांधलीस, एवढं आमचं मंडळ लिहून देईल का? अकबाच्या नगरपालिकेतल्या जागेसाठी तो कागद येत्या गुरुवारपर्यंत पोहोचायला हवा, हे मी विसरलेले नाही.

आधी बुधवारचं सांगते, कारण तेव्हापासून माझं डोकं शांत नाही. आमच्या ग्रामीण सुविधा मंडळाने ‘नव्या’ प्रणालीचं उद्घाटन केलं. मंत्रालयाचे सचिव आले, कुनाफा मिठाईची परात आली, आणि परदेशी कंपनीचा एक गोरा साहेब दुभाष्यासकट मंचावर चढला. मोठ्या पडद्यावर निळा रंग, नवं बोधचिन्ह. मला वाटलं, खरंच नवं असेल. मग त्याने नमुना म्हणून डोंगरातल्या शाळांच्या शेगड्यांसाठीचं रॉकेल निम्म्यावर आणलं आणि पुढचं बटण दाबलं. पडदा पुढे सरकेना. चौकट उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटली: ‘काप की बाबा, कोन नाय म्हनतंय! पन कुनाचं अडनार, ते आदी लिही.’

तुझी तफीलाची बोली, सुहैर. चाचणीच्या वेळी गंमत म्हणून टाकलेली. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, अगं, हे सरकारी काम आहे, नीट भाषेत लिही. तू म्हणालीस, नीट भाषेत विचारलं की लोक नीट भाषेत खोटं लिहितात. कंपनीने रंग बदलला, चिन्ह बदललं. हे वाक्य बदललं नाही, कारण वाचणारं त्यांच्याकडे कुणी नव्हतं. साहेब गोंधळून दुभाष्याकडे बघत राहिला आणि सभागृह हसून लोटपोट झालं.

सचिवांना ते फार आवडलं. तुझ्या तफीलाकडच्याच, दक्षिणेतल्या शाळेत शिकलेला माणूस तो. त्यांनी सरळ विचारलं, “ही कल्पना कोणाची?” आमचे संचालक अबू हारिथ उठले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, “टीमची, साहेब.” मागे दाराशी आपला ड्रायव्हर अबू सैफ उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मग या टीमची आजी तफीलाची दिसते!” पुन्हा हशा. सचिवही हसले, आणि विषय तिथेच संपला. कंपनीला काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. मी दुसऱ्या रांगेत होते. मी टाळ्या वाजवल्या. थोड्या, पण वाजवल्या.

अकरा महिने तू त्या खिडकी नसलेल्या खोलीत बसलीस. एकेका गावच्या मुख्याध्यापकाला फोन करून विचारायचीस, रॉकेल संपलं की तुम्ही काय करता? कुणी सांगितलं, बाकं जाळतो. त्यातून प्रणालीचा तुझा अहवाल आला, आणि ती चौकट. ती कुठल्याही कंपनीला सुचली नसती, मलाही नसती. आणि तिच्यावर काचेचं चिन्ह घेऊन गेला तो माणूस, ज्याला ती वाचताही येत नव्हती! माझा तीळपापड झाला.

गुरुवारी सकाळी मी अबू हारिथच्या खोलीत गेले. म्हटलं, सुहैरला प्रमाणपत्र द्यायला हवं. ते चहा ढवळत राहिले, मग नेहमीसारखी मला मुलाच्या नावाने हाक मारून म्हणाले, “उम्म यामेन, घर बांधून झाल्यावर गवंड्याचं नाव दारावर लिहितात का?” मी म्हटलं, तिने दार नाही, आख्खं घर बांधलंय. तर हसले. “बरं, मग दाखव कागद. तिच्या अहवालाला आवक क्रमांक आहे? शिक्का आहे? नाही ना? मग तो अहवाल आमच्याकडे आलाच नाही.” आणि माझ्याकडे बघत राहिले. मी दार ओढून बाहेर आले.

ते तसे का बघत होते, ते तुला सांगायचंय. त्यासाठीच हे पत्र आहे आणि त्यामुळेच सात महिने लिहवलं नाही. आपल्याकडे शिक्का आणि क्रमांक पहिल्या पानावरच पडतो, तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तुझा अहवाल कंपनीकडे जाताना अबू हारिथ म्हणाले, पहिलं पान काढ, त्यांना नावं नकोत, मजकूर हवाय. पिना मी काढल्या, सुहैर. पान मी वेगळं केलं, आणि त्याच दुपारी तुझ्याबरोबर जेवताना ‘पाठवलं गं’ म्हणाले. त्याचा अर्थ मला तेव्हाही कळत होता. चार दिवस त्यांच्यावर चिडतेय, पण माझा राग त्यांच्यावर किती आणि त्यांच्या आडून माझ्यावर किती, हे मला नीट सांगता येणार नाही. ते पान मी फाडलं नाही. यात चांगुलपणा शोधू नकोस; शिक्का असलेला कागद कारकुनाच्या हाताने फाटत नाही, एवढंच. माझ्या खणातल्या कागदाच्या अस्तराखाली ते आहे. तुझं नाव, तारीख, आवक क्रमांक ४११७, सगळं. अबू हारिथना वाटतंय, मी स्वतःला अडकवून ते बाहेर काढणार नाही. आजवर त्यांचं बरोबर होतं. हे वाचून तू मला काय म्हणशील ते म्हण. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. कागद मात्र गुरुवारच्या आत तुझ्या हातात पडेल.

तुझीच,
मैसून

उद्या (रविवार, आठवड्याचा पहिला कामाचा दिवस): आठ वाजता मंडळाच्या आवक खिडकीवर पहिलं पान, ते कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून काढलं या माझ्या सहीच्या निवेदनासह, दाखल करणे.