बोटाखालचा क

३ नोव्हें.
सकाळी भावजींची भाग्यश्री दुकानात आली. पांढरी काठी कोपऱ्यात ठेवली नि थेट विषयालाच हात. "काकू, सगळं अहमदपूर तुमच्या इतिहासाच्या नोट्सवर बारावी पास होतं. माझ्या बोटांना कधी देताव?"
नोट्स कदम सरांच्या, टायपिंग माझं. बावीस वर्षं डीटीपी करते, कुणी एक चूक दाखवावी! म्हटलं, त्यात काय. लातूरला अंधांच्या शाळेत ब्रेल छापायचं मशीन आहे. फाइल पाठवते, आठ दिवसांत वाच. बोर्डाचा पेपर फेब्रुवारीत.

११ नोव्हें.
गठ्ठा आला. तिनं पहिल्या पानावर बोट फिरवलं. थांबली. परत फिरवलं. "हे मराठी न्हाई काकू. इंग्रजी बी न्हाई. कायतरी खरडून ठेवलंय."
मशीन बिघडलं असणार. माझी फाइल चुकत नसते.

१२ नोव्हें.
लातूरच्या सरांना फोन. तेही अंध, मशीन तेच चालवतात. मी तणतणले. ते शांत. "ताई, तुमचा फॉन्ट जुना हाय. पडद्यावर क दिसतो, पण आत इंग्रजी डी साठवलेला हाय. मशीनला माझ्यासारखंच दिसत न्हाई. ते आकार बघत न्हाई, अक्षराचा नंबर बघतंय. युनिकोडात करा. तिथं क ला स्वतःचा नंबर हाय. ब्रेलच्या ठिपक्यांना बी हाय."
म्हणजे बावीस वर्षं मराठी टाइप केली म्हणायची आणि आत नुसता भुसा. फार लागलं. चहासुद्धा घेतला नाही.

१५ नोव्हें.
नेटवरच्या कन्व्हर्टरमधून फाइल काढून बघितली. जोडाक्षरांचा पार चुराडा. १४० पानं. हे म्हणतात, दुसऱ्याकडून करून घे. का म्हणून? पुन्हा टाइप करणार. मीच.

२ डिसें.
४८ पानं. बोटं ऐकत नाहीत. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर. इथं उलटं. भाग्यश्री रोज संध्याकाळी येऊन मला ब्रेल शिकवून राहिली. क म्हणजे सहांपैकी पहिला नि तिसरा ठिपका, आणि वेलांटी तिथंही मागूनच. आज काढता आलं मला: ⠅⠊ = कि. मोबाइलवरही हे ठिपके अक्षरांसारखे उमटतात. हरखून फोन तिच्या बोटांपुढं धरला तर हसायला लागली. "काच हाय काकू ती!"
तरी पण तो कि माझा मी काढला होता.

६ जाने.
झालं. १४० पैकी १४०. पेनड्राइव्ह घेऊन स्वतः लातूरला गेले. दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

१४ जाने.
तीन जाड खंड आले. दुकानात कदम सर होते, प्रश्नपत्रिका घेऊन आलेले. भाग्यश्री मोठ्यानं वाचत सुटली. सर चष्मा काढून बघतच राहिले. मध्येच ती थांबली. "ही ओळ दोनदा आलीय."
जुनी प्रत काढली. तिथंही दोनदा! इतकी वर्षं छापतोय, एकाही डोळसाला दिसली नाही. दुसऱ्या कुणी दाखवली असती तर भांडले असते. आज मीच येईल त्याला सांगत होते, आमच्या पोरीनं चूक काढली म्हणून.

फेब्रु., इतिहासाचा पेपर
अकरावीची एक मुलगी लेखनिक. भाग्यश्री सांगणार, ती लिहिणार. पोटच्या पोराच्या परीक्षेला कधी गेले नाही, आज दुकान बंद ठेवून आले. बेल व्हायच्या आधी पोरी नोट्स चाळत होत्या. हीसुद्धा, मांडीवर खंड, बोट भराभर. शेजारची एक घाबरून म्हणाली, "मुक्तिसंग्रामाचं पान घरी राह्यलं गं माझं." हिनं दोन पानं उलटली नि तिला वाचून दाखवलं. चार पोरी भोवती गोळा झाल्या.
ऊर भरून आला. का लपवू?
मग खंड माझ्याकडे दिला नि आत गेली. पेपर कसा आलाय, देव जाणे. अजून दीड तास आहे. गेटाशी पायरीवर बसून लिहून राहिले.