मुंगसाला वाव नाही

२ जानेवारी १९५५, रविवार. धरणगाव.

सौ. कुंदाचा टायफॉइडचा ताप उतरून आज बारा दिवस. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, रोज एक अंडे द्या. शेजारच्या भिकुबाई अक्कांकडे चार कोंबड्या आहेत. त्या लगेच म्हणाल्या, रोज एक अंडे मी धाडत जाईन. बाई मनाच्या मोठ्या, पण दृष्टी नाही. देश स्वतंत्र होऊन सात वर्षे झाली आणि आम्ही अंड्यासाठी शेजारणीवर अवलंबून? स्वतःच्या कोंबड्या पाळणार. मागच्या अंगणात खुराडे बांधणार. स्वस्त, मजबूत, शास्त्रीय. संक्रांतीला घरचे अंडे.

तोवर अक्कांचे घ्यायला हरकत नाही. तात्पुरते.

३ जानेवारी.

आज जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गाड्या कमी. वजनकाट्यावर बसल्या बसल्या प्लॅन काढला. कोंबडीचे शत्रू चार : मुंगूस, बोका, घार, धामण. घारीला छप्पर. बोक्याला जाळी. धामणीला बारीक जाळी. मुंगसाला वाव नाही. हे शेवटचे वाक्य प्लॅनखाली मोठ्या अक्षरात लिहिले.

घरी कुंदाला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. मग विचारले, यात कोंबडी कुठे आहे? प्लॅनमध्ये कोंबडी दाखवत नाहीत, हे समजावून सांगितले. तोवर ती झोपली होती.

९ जानेवारी, रविवार.

साहित्य जमले. कापसाच्या गाठींना आवळतात त्या लोखंडी पट्ट्या, प्रेसमध्ये भंगारात पडलेल्या. मॅनेजरांनी न्या म्हटले. रॉकेलचे सहा डबे कापून सपाट केले, छपरासाठी. जुन्या बाजेचे चार पाय, खांबांसाठी. जाळी तेवढी विकत. लोक उगाच म्हणतात, घर बांधून पाहावे. ज्यांना डोके नाही त्यांच्यासाठी ती म्हण आहे.

डबा कापताना अंगठा कापला. कुंदा बिछान्यातून उठून चिंधी बांधायला आली. तिला म्हटले, पडून राहा, तुला विश्रांतीची गरज आहे. मग पाणी मागितले.

१२ जानेवारी.

झुलाल सुतार सहज डोकावला. प्लॅन पाहून म्हणाला, भाऊ, मुंगूस दारातून येत नाही, जमिनीखालून येते. आधी हातभर खणा, दगड भरा, मग वर काय ते बांधा. त्याला नम्रपणे सांगितले की आपली जमीन टणक आहे. तो म्हणाला, मुंगसालाही सांगून ठेवा. अडाणी माणसाला विनोद फार लवकर सुचतात. चहा पाजून वाटेला लावला.

१४ जानेवारी. संक्रांत.

घरचे अंडे नाही. संक्रांत या वर्षी फार लवकर आली.

कुंदाला जरा बरे. ओसरीपर्यंत चालत आली. खुराड्याच्या नुसत्या आशेने माणसाला हुरूप येतो तो असा. अक्कांचे अंडे रोज येतेच.

१६ जानेवारी, रविवार.

नरडाण्याला गेलो. मावसभाऊ अभिमनकडून चार पांढऱ्या कोंबड्या व एक कोंबडा घेतला. विलायती जात. अभिमन म्हणाला, वर्षाला दोनशे अंडी. परतीच्या गाडीत कोंबड्यांची पाटी बाकाखाली ठेवली होती. अमळनेरच्या आधी कोंबडा आरवला. समोरच्या गृहस्थांनी मला विचारले की काही होतेय का. मी खिडकीबाहेर पाहिले.

खुराडे अर्धे आहे, म्हणून कोंबड्या तूर्त अक्कांच्या डालग्याखाली. डालगे म्हणजे बांबूची एक मोठी टोपली. कोंबड्यांवर पालथी घालायची, वर धोंडा ठेवायचा. झाले. चाळीस वर्षे बाई हेच करते आहे. विज्ञान आपल्याकडे का रुजले नाही, याचे उत्तर या टोपलीखाली आहे.

२६ जानेवारी. प्रजासत्ताक दिन.

सुट्टी. खुराडे पूर्ण. मुहूर्त साधला.

खरे वैशिष्ट्य दार. वरून खाली पडते आणि कडी आपोआप अडकते. सारे माझ्या डोक्यातले. बाहेरून एका बोटाने उघडते. आतून कोणालाही उघडता येत नाही.

शेवटचे विधान तपासून पाहावे म्हणून सकाळी दहाला स्वतः आत शिरलो. मुंगसाच्या दृष्टीने विचार करायचा होता. दार पडले. कडी लागली. विधान खरे निघाले.

कुंदाला हाक मारली, पण ती आत निजलेली, आणि फार ओरडणे आपल्याला शोभत नाही. गुडघे हनुवटीला लावून बसलो. आतली जागा प्लॅनवर जास्त वाटली होती. साडेअकराला अक्का कुंपणापाशी आल्या. मला पाहिले. परत गेल्या. तांब्याभर पाणी आणि वाटी घेऊन आल्या, जाळीतून वाटी आत जाईना, म्हणून जाळी एका बोटाने बाजूला केली आणि वाटी दिली. मग विचारले की आतच राहायचे आहे की कडी काढू.

जाळी त्या कोपऱ्यात पक्की करायला हवी.

२७ जानेवारी.

कोंबड्यांचा गृहप्रवेश. अक्कांनी विचारले, डालगे परत नेऊ का? म्हटले, न्या, आता त्याचे काम नाही. अक्कांनी ते कुंपणाला टेकवून ठेवले, नेले नाही.

३० जानेवारी, रविवार.

दुपारी जेवत असताना अंगणात गलका. जाऊन पाहतो तो एक कोंबडी मेलेली आणि मुंगसाची शेपटी जमिनीत नाहीशी होताना दिसली. भिंतीलगत सुबक बीळ. म्हणजे दार, जाळी, छप्पर यांपैकी कशातूनही मुंगूस आले नाही. माझे सर्व उपाय यशस्वी. दोष जमिनीचा.

झुलाल संध्याकाळी आला. बिळात हात घालून पाहिला. कोपरापर्यंत गेला. त्याचे हे पाहणे मला आवडले नाही.

६ फेब्रुवारी, रविवार.

खाली फरशीचे तुकडे बसवले. ही कल्पना मला आठवडाभर विचार केल्यावर सुचली. सकाळपासून अंधार पडेपर्यंत काम. रोज प्रेसमधून आल्यावरही तेच चालले आहे. कुंदा ओसरीत बसून बघते. मधूनच काहीतरी बोलते, पण ठोकाठोकीत ऐकू येत नाही. मी हो म्हणतो.

११ फेब्रुवारी.

पहिले घरचे अंडे! सकाळी सात वाजता दिसले. पार मागच्या कोपऱ्यात. दारातून हात तिथवर पोचत नाही. पळीला काठी बांधली. अंडे पळीत आले. मग पळी फिरली.

फुटलेले अंडे कोंबडीनेच खाल्ले. स्वावलंबन.

१३ फेब्रुवारी, रविवार.

मागच्या बाजूला जाळी कापून अंड्यांसाठी खिडकी केली. माप माझ्या दंडाचे. हात खांद्यापर्यंत जातो. झाकण करायचे आहे, पुढच्या रविवारी. झुलाल म्हणाला, आज संध्याकाळपर्यंत फळी ठोकून देतो. नको म्हटले. आपल्या हाताचे काम वेगळेच.

घरची दोन अंडी मिळाली. कुंदाने एक खाल्ले. म्हणाली, अक्कांच्यासारखेच लागते. जरा निराशा झाली.

१६ फेब्रुवारी.

लिहायचे नव्हते. लिहितो.

दुपारी दोनला प्रेसमध्ये निरोप आला की घरी बोलावले आहे. घरापुढे माणसे. कुंदा ओसरीत आडवी, कपाळाला खोक, अक्का ओल्या पदराने रक्त पुसत होत्या.

झाले ते असे. कोंबड्यांचा आरडाओरडा ऐकून कुंदा एकटीच अंगणात गेली. मुंगूस खिडकीतून आत शिरलेले. कोंबड्यांना बाहेर काढावे म्हणून ती कडीशी झटत राहिली. एका बोटाने उघडणारी कडी तिला दोन्ही हातांनी उघडेना. ऊन, अशक्तपणा. घेरी येऊन पडली, कपाळ खुराड्याच्या खांबावर, बाजेच्या पायावर, आपटले. अक्का मुसळ घेऊन धावल्या. एका घावात दार मोडले. मुंगूस गेले. दोन कोंबड्या गेल्या. एक कोंबडी आणि कोंबडा राहिला.

डॉक्टरांनी दोन टाके घातले. म्हणाले, पुन्हा आठ दिवस उठू देऊ नका.

मी अक्कांना सांगू लागलो की कडी थोडी गंजली असावी, एरवी यंत्रणा निर्दोष आहे. अक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"भाऊ, तुना खुराडाम्हा मुंगूस येस बी, जास बी. आपला माणूसलेच तठे वाट नही."

मुंगसाला ये-जा, आपल्या माणसालाच वाट नाही, एवढे ऐकवून त्या घरी गेल्या. मी मोडलेले दार उचलून भिंतीला टेकवले.

१७ फेब्रुवारी.

रजा. सकाळी झुलालला बोलावून खुराडे मोडायला सांगितले. त्याने तासाभरात मोडले. बांधायला मला चोवीस दिवस लागले होते, यावरून बांधकाम किती मजबूत होते ते दिसते. हे त्याला म्हणालो. त्याने हातोडी खाली ठेवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा उचलली.

उरलेली कोंबडी व कोंबडा अक्कांच्या डालग्याखाली. वर धोंडा.

२० फेब्रुवारी, रविवार.

मोकळा रविवार. अंगण फार मोठे दिसते. मनात आले, डालग्यालाच सुधारता येईल. चार पाय लावायचे, तळाला पट्ट्या. कागद-पेन्सिल घेऊन कुंदाच्या बिछान्याशी बसलो, तिला कल्पना सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. पहिल्यांदाच मधे झोपली नाही.

मग म्हणाली, "अहो, दीड महिना मी एकटीच पडून होते. अंडे अक्का आणून देत होत्या. तुम्ही नुसते जवळ बसला असता तरी चालले असते."

म्हटले, हे आधी का नाही सांगितलेस? ती म्हणाली, सांगितले होते, बऱ्याचदा. तुम्ही हो म्हणालात.

कागद घडी करून खिशात ठेवला. बसलो. बसायचे म्हणजे काय करायचे, याचा काही प्लॅन नसतो. हात कुठे ठेवावेत कळेना. तिच्या कपाळाची पट्टी सरळ केली, ती सरळच होती. प्रेसमधली एक गोष्ट सांगितली, ती तिला माहीत होती. बाहेर अक्का कोंबड्यांना दाणे टाकत होत्या, तो आवाज ऐकत राहिलो.

घड्याळात पाहिले. बारा मिनिटे झाली होती. कुंदाने डोळे मिटलेलेच ठेवून विचारले, कंटाळलात?

नाही म्हणालो.

ती म्हणाली, असू दे, पहिल्या दिवशी एवढे पुरे. आता गिरणी बंद व्हायच्या आत दळण टाकून या.