आक्का, पोरं निजलीत

प्रिय आक्का,

तुम्हाला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही लिहायला बसलेय. वेडी म्हणा हवं तर! दुपार झालीय, बिगरीतली सगळी पोरं तुमच्या काळ्या घोंगडीवर आडवी झालीत. या वेळेला मी तुमच्याशीच बोलायचे ना? आता कुणाशी बोलू? या कडेगावात माझं दुसरं होतंच कोण?

पाणी भरायला आणि पोरं सांभाळायला म्हणून तुम्हाला शाळेत ठेवलं होतं. पोरांच्या आया उसात, बाप लढाईवर. माहेरी म्हसवडला जाऊन तुम्ही ही एवढी मोठी घोंगडी डोक्यावरून आणलीत. पहिले चार दिवस ती मलाही टोचली होती!

पोरं निजली की तुम्ही धूळपाटी घेऊन माझ्यापुढं बसायचात. पलटणीतून तुमच्या सदाचं पत्र आलं की मी वाचून दाखवायचे. एकदा म्हणालात, "बाई, समदं ऱ्हाऊ द्या. खालचं लेकाचं नाव तेवढं मला वळकू येऊ द्या." स आला. दा गिरवताना काना नेहमी वाकडा. किती हसायचो आपण!

मग साहेब तपासणीला येणार असं कळलं. पोरांना काही येत नसेल तर बिगरी बंद, असं मुख्य गुरुजींनी बजावलं. मी घाबरले आणि दुपारची झोप बंद केली. सकाळचेच आकडे दुपारीही घोकून घ्यायला लागले. पोरं पेंगायची, रडायची. सकाळी दहापर्यंत घडाघडा म्हणणारी येसू दुसऱ्या दिवशी चारावर अडायची.

तुम्ही म्हणालात, "आवं बाई, दुधाला इरजान लावल्याव कुनी भांडं हलिवतं व्हय? निजू द्या लेकरास्नी. सकाळचं डोस्क्यात मुरू द्या."

आणि मी काय म्हणाले? "दोन अक्षरं आली म्हणून मला शिकवू नका!"

तुमचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आला नाहीत. एवढा राग धरायचा, आक्का? भांडायचं होतंत की माझ्याशी! तुम्हाला ताप चढलाय असा निरोप आला, तेव्हा मी म्हटलं, तपासणी होऊ दे, मग जाईन. तपासणी पुढं ढकलली गेली. तुम्ही थांबला नाहीत.

त्यानंतर माझ्यात घोकून घ्यायचं बळच उरलं नाही. दुपारी गुपचूप घोंगडी अंथरली. काही दिवसांत न सांगता पोरं आकडे म्हणायला लागली. परवा सकाळी नवं गाणं शिकवलं आणि दुपारी येसूची आई तिला बाजाराला घेऊन गेली. बाकीची निजली. काल सकाळी ते गाणं सगळ्यांना आलं, येसू मात्र माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मुरलं नव्हतं, आक्का! हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं? मी विचारलंही नाही कधी.

पोरांना मी सांगितलंय, आक्का झोपल्यात. दुसरं काय सांगणार? काल दुपारी येसू सगळ्यांच्या आधी उठली. डोळे चोळत जवळ आली आणि विचारलं, "बाई, आक्का लय येळ निजलीया. मंग उठल्याव तिला समदं वाचाया येईल न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासारखं व्हय म्हणाले, आणि पदर तोंडात कोंबून बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात साहेब येतायत. आक्का, वचन देते. दुपारी आले तर त्यांना दारात बूट काढायला लावीन आणि पोरं उठेपर्यंत थांबवीन. बिगरी राहो की जावो, घोंगडी उचलणार नाही. सदाचं पत्र आलंय. ते मी फोडलेलं नाही, त्याला परत लिहिताना मात्र लिहीन, तुझं नाव तुझ्या आईला वाचता येत होतं. काना वाकडा असला तरी.

तुमच्याकडून उशिरा शिकलेली,
बाई